मेसेज वाचून मशीन सांगणार, पेशंटला किती कळतं?

प्रश्न: मी पुण्यात एका डायबेटिस क्लिनिकमध्ये काउन्सेलर आहे, पेशंटचे व्हॉट्सॲप मेसेज बघायचं काम माझ्याकडेच असतं. आता एका कंपनीनं सॉफ्टवेअर दाखवलंय, ते म्हणे मेसेज वाचून पेशंटची आरोग्याबद्दलची समज कमी, मध्यम की चांगली ते ठरवतं. ट्रायलला बघितलं तर सासवड, भोरकडच्या बायका जवळजवळ सगळ्या 'कमी'मध्ये आणि पेठेतले रिटायर्ड काका सगळे 'चांगली'मध्ये. मला काही हे पटत नाहीये, पण डॉक्टरांना सांगू कसं? नुसतं 'मला वाटतं' म्हणून चालणार नाही ना. – एक वाचक, धनकवडी

उत्तर: तुमची शंका बरोबर आहे, आणि ती 'मला वाटतं'च्या पुढे नेता येते, तीही फुकटात.

आधी एवढं सांगतो की कल्पना अगदीच टाकाऊ नाहीये. अमेरिकेत कॅलिफोर्नियात डीन शिलिंजर नावाचे डॉक्टर आणि त्यांच्याबरोबर भाषेचे, कॉम्प्युटरचे अभ्यासक यांनी कैसर परमनंटे या तिथल्या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या डायबेटिस पेशंटनी डॉक्टरांना पाठवलेल्या मेसेजेसवर हेच केलं. कारण ही समज मोजायच्या जुन्या चाचण्या एकेका माणसाला समोर बसवून घ्याव्या लागतात. १९९३ची रीआल्म म्हणून चाचणी आहे, त्यात ६६ वैद्यकीय शब्द मोठ्यानं वाचायचे, २००५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एकीत आईस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल वाचून सहा प्रश्नांची उत्तरं द्यायची. हजारो पेशंटचं असं कोण करत बसणार! मेसेज तर आपोआप साठलेलेच असतात. म्हणून त्यांनी थोडे मेसेज तज्ज्ञांकडून तपासून घेतले आणि त्यावरून मशीनला शिकवलं. ज्यांची पातळी कमी आली त्यांची शुगरही जास्त बिघडलेली दिसली, म्हणजे काहीतरी धागा आहे.

पण ते सगळं इंग्लिश मेसेजवर झालं, तेच मराठीला लावलं की गडबड सुरू होते. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'गोळ्यांबद्दलसुद्धा' हा एकच शब्द झाला, त्यामुळे लांब शब्द म्हणजे अवघड भाषा हा हिशोब इथे फसतो. शब्द वाचून दाखवा ही चाचणीही आपल्या कामाची नाही, कारण देवनागरी वाचता येणारा कुणीही 'हिमोग्लोबिन' खणखणीत वाचेल, ते काय असतं हे माहीत नसलं तरी. स्पॅनिशमध्ये हीच अडचण आली म्हणून दुसऱ्या अभ्यासकांनी २००६ मध्ये शब्दाबरोबर अर्थही विचारणारी वेगळी चाचणी केली.

आता दोन मेसेज बघा, हे मी नमुन्यादाखल लिहितोय पण असे तुम्ही रोज वाचत असाल. पहिला, 'सर गोळी सपली कालपासन घेत नाय पाय जड वाटतोय पानी लई पिती'. दुसरा, 'आदरणीय डॉक्टरसाहेब, आपल्या सूचनेनुसार तपासणी केली. शर्करा सामान्य आल्याने औषध बंद केले आहे. धन्यवाद.' पहिल्या बाईंनी एका दमात गोळी संपल्याचं, कधीपासून बंद आहे ते आणि दोन लक्षणं सांगितली, डॉक्टरला अजून काय पाहिजे? दुसऱ्यांचं शुद्धलेखन चोख आहे आणि गोळीमुळेच शुगर नॉर्मल आली हे मात्र त्यांना कळलेलं नाही. मशीन मार्क कोणाला देईल ते तुम्हाला माहितीच आहे.

तर डॉक्टरांसमोर काय ठेवायचं ते. पहिल्या बाईंसारखे थोडे मेसेज घ्या, नावं काढून टाका, त्यातलं फक्त शुद्धलेखन आणि बोलीतले शब्द बदला, 'पानी'चं 'पाणी' करा, 'लई'चं 'खूप' करा, माहिती एक अक्षर वाढवू नका, आणि परत सॉफ्टवेअरला द्या. 'कमी'वरून 'चांगली'वर उडी मारली तर ते समज मोजत नाहीये, शाळा मोजतंय. इंग्लिश अक्षरांत टाइप केलेलं मराठी आणि हिंदी मिसळलेले मेसेजही असेच घालून बघा.

दुसरी गोष्ट, खरी समज कळायला पेशंटशीच बोलावं लागेल. तपासणी झाली की विचारायचं, 'मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी गेल्यावर गोळी कशी घेणार ते मला सांगा.' याला टीच-बॅक म्हणतात, तुम्ही करतही असाल. ते उत्तर आणि मशीनचं उत्तर शेजारी शेजारी लिहा आणि गावाकडचे, शहरातले, बायका, पुरुष असं वेगवेगळं मोजा. ज्यांना नीट कळलंय त्यांच्यातल्या किती जणांना मशीननं 'कमी' म्हटलं, आणि ज्यांना कळलं नाहीये त्यातले किती सुटले? कंपनीवाले एकूण अचूकतेचा एकच आकडा दाखवतील, त्यावर समाधान मानू नका, त्या एका आकड्यात सासवडच्या बायका सहज झाकल्या जातात.

आणि मेसेज लिहिलाय कोणी? आपल्याकडे आजीचा मेसेज नातू टाइप करतो, सून व्हॉइस नोट पाठवते. कॅलिफोर्नियावाल्यांनाही दुसऱ्यानं लिहिलेले मेसेज वेगळे काढावे लागले होते, इथे तर निम्मं घर एका फोनवर. 'ओके मॅडम'वरून काहीच ठरवता येत नाही, तेव्हा 'सांगता येत नाही' हाही एक खाना त्यात हवाच.

माझं स्पष्ट मत, 'कमी' आलेल्याला तुमचा जास्त वेळ मिळणार असेल तर चुकीनं फार बिघडत नाही. पण 'यांना इन्सुलिन पंप काय झेपणार' म्हणून एखादा पर्याय सांगितलाच नाही तर तो अन्याय आहे, तिथे हे वापरूच नका. त्यापेक्षा हेच मशीन आधी क्लिनिकच्या मेसेजवर चालवा! 'फास्टिंग, पीपी करून फॉलोअपला या, डोस स्किप करू नका' हे कोणाला कळतं? शिलिंजर यांच्या टीमनंही २०२१ मध्ये डॉक्टरांची भाषा पेशंटच्या पातळीला जुळते का हे तपासलं होतं.

प्रश्न: माझ्या आईचे मेसेज तिला न विचारता असे तपासले तर चालतं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर: विचारायला पाहिजे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालाय, टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, त्यात माहिती कशासाठी वापरणार हे सांगून संमती घ्या असं आहे आणि ती सूचना मराठीत मागता येते. सही केलेल्या फॉर्मची कॉपी मागा, त्यात मेसेजचं विश्लेषण लिहिलंय का बघा. नसेल तर आईच्या फाइलवर अशी काही नोंद केलीय का ते लेखी विचारा, रिसेप्शनवर तोंडी विचारून सोडून देऊ नका.