इराणी सिनेमात बायका घरातही, अगदी झोपतानाही डोक्यावर रुमाल घेऊन असतात. खऱ्या आयुष्यात तशाच राहतात का?

बहुतेक नाही राहत. पडद्यावर राहतात, कारण १९७९च्या क्रांतीनंतर तसा नियमच झाला. सिनेमातला नवरा नटीचा खरा नवरा नव्हे, आणि बघणारे पुरुष तर परकेच. म्हणून डोकं झाकायचं आणि एकमेकांना हातही लावायचा नाही. पटकथा आणि तयार सिनेमा, दोन्हींना सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक इराणी जोडपं भाड्याने राहायचं, पुण्यात शिकायला आलेलं. (त्यांना जागा देऊ नका, असे सोसायटीतून निरोप आले होते. दिली.) ती घरात टी-शर्ट आणि मोकळे केस अशीच वावरायची, दार उघडायलाही तशीच यायची. मार्चमध्ये नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, मला वर बोलावलं. टेबलावर सफरचंद, लसूण, व्हिनेगर, गव्हाचे हिरवेगार अंकुर अशा सात वस्तू मांडलेल्या. तिच्या आईने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला होता. तेहरानमधला दिवाणखाना, बिनबाह्यांच्या झग्यात मावश्या नाचतायत, आजोबा टाळ्या वाजवतायत. मध्येच एक मावशी कॅमेऱ्याकडे बघून ओरडली. काय म्हणाली, विचारलं. "इन्स्टावर टाकू नकोस म्हणतेय, आंटी."

आता आमचे धाकटे दीर. चित्रपट रसग्रहण शिबिर करून आलेले. दिवाळीत पंगतीत म्हणतात, "वहिनी, त्यांच्या बायका झोपतानाही रुमाल सोडत नाहीत, मी स्वतः पाहिलंय." स्वतः म्हणजे सिनेमात! वरच्या मजल्याचा दाखला दिला, तर म्हणे ती अपवाद.

अहो भाऊजी, इराणी दिग्दर्शक कियारोस्तामी घरातले प्रसंगच टाळायचे, ते याचसाठी. बाई स्वतःच्या घरात रुमाल बांधून दाखवणं त्यांना खोटं वाटायचं. त्यांचा 'टेन' (२००२) अख्खा गाडीत घडतो. गाडी रस्त्यावर, म्हणजे तिथला रुमाल तरी खरा. शिबिरात हे सांगत नाहीत?

प्रश्नकर्त्याने २०२४चा 'माय फेव्हरेट केक' जरूर बघावा. सत्तर वर्षांची विधवा स्वतःच्या घरात उघड्या डोक्याने वावरते, वाइन पिते, नाचते. दिग्दर्शक जोडीचे पासपोर्ट काढून घेतले होते, बर्लिन महोत्सवाला त्यांना जाताच आलं नाही. सिनेमा पोचला, ते घरी राहिले. दिग्दर्शक जाफर पनाहींवर तर २०१०मध्ये सिनेमे करायला वीस वर्षांची बंदी आली, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या फ्लॅटमध्ये शूटिंग करून एक सिनेमा बाहेर पाठवलासुद्धा.

एक मात्र आहे. एका दिवाणखान्यावरून मी सगळा इराण सांगत नाहीये. धार्मिक घरांत दीर-मेव्हणे आले की बायका डोकं झाकतातच. पण भाऊजी आले की पदर घे, असं मला माझ्या सासूबाईही सांगायच्या. त्यावर भाऊजींनी कधी तोंड उघडलेलं आठवत नाही.