‘आईने मला का सोडलं?’ : जीवनकथेची वही कशी करावी

तुमची सात वर्षांची लेक दोन वर्षांपूर्वी दत्तक आली आणि आता ‘मी फार रडायचे म्हणून आईने मला सोडलं का?’ असं विचारते. म्हणजे जे माहीत नाही तिथे तिने स्वतःचा दोष भरून टाकलाय. आघातातून गेलेली मुलं बहुतेकदा असंच करतात. तो दोष तिच्या डोक्यावरून उतरवायचा, एवढ्यासाठीच ही जीवनकथेची वही: तिच्या आजवरच्या आयुष्याची गोष्ट, तिच्या चित्रांत आणि शब्दांत.

आधी कागद काढा. बाल अध्ययन अहवाल (दत्तक देणाऱ्या संस्थेने लिहिलेली मुलाची माहिती), वैद्यकीय अहवाल आणि बालकल्याण समितीचा (मूल दत्तक देता येईल असं जाहीर करणाऱ्या सरकारी समितीचा) आदेश नीट वाचा. सापडलेल्या मुलांची जन्मतारीख बहुधा डॉक्टरांनी अंदाजाने ठरवलेली असते, नाव संस्थेने ठेवलेलं असतं. हे तिला तसंच सांगायचं. जमलं तर संस्थेत जाऊन तिला सांभाळणाऱ्या मावशींना भेटा. कुठे झोपायची, कशाला घाबरायची, ताप आला की कुणाला बिलगायची हे अहवालात नसतं, आणि मुलांना नेमकं तेच हवं असतं. फाटक, खोली, अंगण यांचे फोटो परवानगी घेऊन काढा. इतर मुलांचे चेहरे नकोत.

काम थेट वहीत करू नका. पांढऱ्या कागदाचा लांब रोल घ्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा-पाऊण तास. झोपण्याआधी मात्र कधीच नको. सुरुवात जन्मापासून केली की मूल पहिल्याच दिवशी सर्वात दुखऱ्या जागी जाऊन पडतं. म्हणून आजपासून सुरू करा: घर, शाळा, आवडता खाऊ. मग संस्था, मग त्याआधीचं, आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी पुन्हा आजवर. चित्रं तिने काढायची, तुम्ही विचारायचं आणि लिहायचं. माहीत आहे ते एका रंगात, कुणीतरी सांगितलेलं दुसऱ्या रंगात. जे कुणालाच माहीत नाही तिथे कोरी चौकट ठेवा. ती गोड कल्पनेने भरू नका.

सर्वात जास्त बिघडतं ते ‘आईचं तुझ्यावर प्रेम होतं म्हणून तिने तुला सोडलं’ या वाक्याने. मूल त्यातून काय घेतं? प्रेम करणारे सोडून जातात, आणि तुम्हीही प्रेम करता. ‘आम्ही तुलाच निवडलं’ हेही तसंच; निवडलेलं परत करता येतं. त्याऐवजी म्हणा, ‘तेव्हा काय अडचण होती ते आम्हाला माहीत नाही. पण बाळं रडतातच. त्यांना सांभाळणं हे मोठ्यांचं काम असतं. तुझ्या रडण्यामुळे हे झालं नाही.’ हे एकदा सांगून भागत नाही. महिनोन्‌महिने, त्याच शब्दांत सांगावं लागतं.

ती एकदम गप्प झाली, उगाच हसू लागली किंवा सारखी शू लागली म्हणाली, तर तिथेच थांबा आणि खायला-खेळायला जा. नंतर अंथरूण ओलं होणं, खाणं लपवून ठेवणं वाढलं तर वेग कमी करा. कागदांत मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा डोळ्यांदेखत झालेला मृत्यू असेल, तर मुलांसोबत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाशिवाय त्या भागाला हात लावू नका. तो तपशील वहीतही नको. वेगळ्या पाकिटात ठेवा आणि वय वाढेल तसा सांगा.

रोल भरला की त्यातून वही लिहा, तिच्याच शब्दांत. ती वही तिची. पाहुण्यांना दाखवायची की नाही हे तीच ठरवेल. रागात ती फाडूही शकते, म्हणून प्रत्येक पान आधी स्कॅन करून ठेवा. मागे कोरी पानंही ठेवा: दहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी हेच प्रश्न ती नव्याने विचारेल.