पाठीवर काय, ट्रकमध्ये काय

माघी एकादशी जवळ आली की या सदराकडे पिशव्यांची पत्रं सुरू होतात. बेळगावच्या शहापुरात माझं पिशव्या शिवायचं दुकान आहे आणि पंढरपूरला चालत जाणाऱ्या दिंडीत मीही असते, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे पाठवली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही. निवडलेल्या पत्रांत बाकीच्यांच्या बहुतेक शंका येऊन जातात.

आक्का, यंदा पहिल्यांदाच माघीला दिंडीतून पंढरपूरला निघाले आहे. वय ५४. मुलानं ऑनलाइन ट्रेकिंगची बॅग मागवून दिली, ४० लिटरची. रिकामीच दीड किलो भरते. सामानाला दिंडीचा ट्रक आहे. हीच बॅग घेऊ की साधी पिशवी? आणि तिच्यात काय भरू?
— एक गृहिणी, नंदगड (ता. खानापूर)

ताई, मुलानं मायेनं आणलेली बॅग आहे, जरूर घ्या. पण ट्रकमध्ये टाका, पाठीवर नको. तसल्या बॅगा तंबू आणि शिधा पाठीवर घेऊन डोंगरात जाणाऱ्यांसाठी असतात. त्यांचा भार कंबरेच्या पट्ट्यानं पेलायचा असतो. साडीच्या निऱ्यांवर तो पट्टा आवळून दिवसभर चालणं होत नाही, आणि पट्टा सैल सोडला की सगळं वजन खांद्यावर येतं. शिवाय बॅगेत जागा दिसली की हात आपोआप भरत सुटतो.

नंदगडहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या वर आहे. रोजची चाल वीस-पंचवीस किलोमीटर धरा. पंचवीस किलोमीटर म्हणजे तीस-पस्तीस हजार पावलं, आणि पाठीवरचा एकेक जिन्नस त्या प्रत्येक पावलाबरोबर उचलावा लागतो. अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ओझं नको असं साधारण सांगतात. पण वारीत एक दिवस चालून भागत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठायचं असतं. म्हणून मी बायकांना पाण्यासकट तीन किलो सांगते. त्यातला एक किलो लिटरभर पाण्याचाच जातो. उरलेल्या दोनात पिशवीचं स्वतःचं वजनही धरायचं, त्यामुळे रिकामी पिशवी पाव किलोच्या आत हवी. निघायच्या आदल्या दिवशी भरलेली पिशवी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. घरी हातात हलकी वाटलेली पिशवी काट्यावर भलतीच निघते.

आता काय भरायचं. मुक्कामाला लागणारं सगळं ट्रकमध्ये: वळकटी, जोडीची लुगडी, ताट-तांब्या, साबण. दुपारच्या जेवणाला ट्रक तिथेच थांबतो, तेव्हा ताटही पाठीवर नको. वाटेत लागणारं तेवढं पाठीवर. पण ज्याच्यावाचून एक रात्रही निभणार नाही ते ट्रकमध्ये कधीच टाकू नका. रोजच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्डाची प्रत, पैसे, फोन हे सगळं अंगाजवळच. ट्रक पुढे जातो, कुठे पंक्चर होतो, कुठे वाट चुकतो. पोचेल तो रात्री दहालाही. बीपीची गोळी तोवर थांबत नाही.

पिशवी घेताना बहुतेक जण पहाटे निघतानाचं सामान मोजतात. मोजायचं ते सकाळी अकराचं. माघात पहाटेची थंडी चांगलीच झोंबते. शाल, कानटोपी, मोजे सगळं अंगावर असतं आणि पिशवी अर्धी रिकामी. ऊन चढलं की हे सगळं उतरतं आणि ठेवायला जागा नसते. मग बायका शाल कंबरेला बांधतात, ती पायात येते. मिरज मागे पडून कवठे महांकाळ, सांगोल्याकडचा रस्ता लागला की हे फार जाणवतं. तिथली हवा कोरडी, सावली कमी, आपल्या खानापूरच्या झाडीतून गेलेल्या माणसाला ते ऊन नवंच. म्हणून बारा ते पंधरा लिटरची पिशवी घ्या आणि पहाटे तिच्यात शालीपुरती जागा मोकळी ठेवा.

अजून एक गोष्ट, आणि ही मी हात जोडून सांगते. पिशवीच्या मागच्या बाजूला रेडियमची पट्टी लावा. माघात साखर कारखाने जोरात असतात. चिकोडी, रायबाग, कागवाडच्या रस्त्यांवर उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्रंदिवस पळतात, आणि दिंडी तर चार वाजताच रस्त्याला लागलेली असते. गडद रंगाचं लुगडं, गडद शाल, पाठीवर काळी पिशवी. ड्रायव्हरला काय दिसणार? दोन इंच रुंद पट्टी आडवी, पिशवीच्या मधोमध. शाल पिशवीवरून पांघरू नका, नाहीतर पट्टी झाकली जाते. गाड्यांची स्टिकर करणाऱ्यांकडे ही पट्टी थोड्या पैशांत मिळते. कापडावर नुसता गोंद टिकत नाही, कडेनं शिलाई मारून घ्या.

आमच्या महिला भजनी मंडळाच्या पंचवीस बायकांसाठी मी स्वतः पिशव्या शिवणार आहे. गेल्या वर्षी कुणीतरी दोरीच्या फुकट पिशव्या वाटल्या होत्या. त्यांच्या दोऱ्या खांद्यात रुतल्या आणि दोन पिशव्या वाटेतच उसवल्या. कापड कोणतं घेऊ? पट्टा कसा जोडू?
— येळ्ळूर

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. पंचवीस पिशव्या म्हणजे पंचवीस जणींच्या खांद्यांची काळजी तुम्ही घेताय.

कापडाचं आधी. कॅनव्हास मजबूत असतं पण जड, आणि दहिवरानं ओलं झालं की आणखी जड. मांजरपाट हलका, पण बाटलीच्या टोकानं लवकर फाटतो. छत्रीसारखं पातळ पॅराशूट कापड सगळ्यांत हलकं. त्याची अडचण शिलाईची, सुईच्या भोकापासून ते उसवत जातं. तुमच्या त्या फुकटच्या पिशव्या तशाच असणार. मधला मार्ग म्हणजे २१० किंवा ४२० डेनियरचं ऑक्स्फर्ड कापड, आतून पाणीरोधक थर दिलेलं. डेनियर म्हणजे धाग्याची जाडी; नऊ हजार मीटर धागा जितके ग्रॅम भरेल तितकं डेनियर. अंगाला २१० पुरे, तळाला ४२०. पाठीला टेकणाऱ्या बाजूला मात्र सुती कापड लावा. तिथे नायलॉन असलं की दुपारपर्यंत पाठ घामानं निथळते आणि घामोळं उठतं. रविवार पेठेत किंवा पांगुळ गल्लीत विचारा, पंचवीस पिशव्यांचं कापड एकदम घेतलंत तर भाव उतरेल. रंग फिका घ्या. फिक्या पिशवीत उन्हानं कमी तापतं आणि अंधारातही ती जरा लवकर दिसते.

आता पट्टा. दोरी रुतते कारण सगळा भार बोटभर जागेवर येतो. पट्टा दीड इंच रुंद घ्या, त्याहून अरुंद नको. खांद्यावर येणाऱ्या वीतभर भागाला जुन्या सुती लुगड्याची चार पदरी घडी आत घालून शिवा. दुकानातल्या फोमपेक्षा मला ती जास्त आवडते, घाम शोषते आणि धुतली की वाळते. जुन्या इरकलीचा अंगाकडचा भाग त्याला छान होतो, काठ नको, काठ टोचतो.

पिशवी उसवते ती पट्ट्याच्या टोकाशी. बाजारच्या पिशवीत पट्टा शिवणीत जेमतेम अर्धा इंच घेतलेला असतो आणि वरून एकच टीप. तुम्ही असं करा: पट्ट्याचं टोक दोन इंच आत घ्या आणि त्याच्या मागे कापडाचा जाड तुकडा ठेवा. मग चौकोनी टीप मारा, आणि त्या चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात फुली. फुलीमुळे ओढ एका रेषेवर न येता सगळ्या चौकोनावर पसरते. दोरा पॉलिएस्टरचाच. सुती दोरा घामानं कुजतो. अंगाच्या कापडाला चौदा नंबरची सुई, पट्टा जोडताना सोळा. सोळानंच सगळं शिवायला गेलात तर पातळ कापडाला मोठी भोकं पडतील.

तोंडाला चेन लावायची की दोरी, हे मंडळातल्या बायकांना विचारा. मला दोरी आणि वरून झाकण बरं वाटतं. चेनचा रनर धुळीनं अडकला की वाटेत कुणाकडेच इलाज नसतो. पट्ट्याची लांबी प्रत्येकीच्या अंगावर मापून घ्या, पिशवीचा तळ कंबरेच्या वर राहिला पाहिजे. खाली लोंबणारी पिशवी पावलागणिक मागे ओढते. पदर आधी नीट घ्यायचा आणि पट्टा त्याच्यावरून, म्हणजे पदरही जागेवर राहतो.

पहिली पिशवी तयार झाली की तिच्यात पाच किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी टीप जशीच्या तशी दिसली तर बाकीच्या चोवीस शिवायला घ्या. आणि आतल्या बाजूला पक्क्या शाईनं दिंडीचं नाव आणि दिंडीप्रमुखांचा नंबर लिहा. पंढरपुरात वाळवंटातल्या गर्दीत कुणी चुकलंच तर पिशवी उघडून दाखवता येते.

मी टाळकरी आहे. पाठीवरची पिशवी चालत नाही, पावली खेळताना उडते. खांद्याची शबनम घसरते. तरणोपाय सांगा.
— कागवाड

दादा, आपल्या जुन्या वारकऱ्यांची पडशी घ्या. लांब कापडाच्या दोन टोकांना दोन खिसे, मधला भाग खांद्यावर, एक खिसा पुढे आणि एक मागे. दोन्हीकडे सारखं वजन ठेवलं की ती घसरत नाही. हातात टाळ असताना पुढच्या खिशातलं पाणी आपल्या आपण घेता येतं, कुणाला मागून काढून दे म्हणावं लागत नाही. पाण्याची बाटली एका बाजूला आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला, एवढं साधारण जुळतं. दुपारी बाटली रिकामी होते तेव्हा तोल जातो, तेवढा सांभाळा. पावली खेळताना उडू नये म्हणून दोन्ही खिश्यांना काखेखालून एकेक बंद लावा आणि सैलसर गाठ मारा. डोक्यावर तुळस घेणाऱ्या मावश्यांनाही मी हीच सुचवते, त्यांची मान सरळ राहायला हवी.

वडील ६७ वर्षांचे, मधुमेही, इन्सुलिनचं पेन घेतात. माघीला जायचा हट्ट आहे. पेन कसं न्यायचं? ट्रकमध्ये बर्फाच्या डब्यात ठेवलं तर?
— निपाणी

बर्फाच्या डब्यात नको. इन्सुलिन गोठलं की वाया गेलं, वितळल्यावरही वापरायचं नाही. आणि ताडपत्रीखालचा ट्रक दुपारी भट्टी होतो, त्यामुळे नुसतं ट्रकमध्येही नको. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, नेमकं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. चालताना ते वडिलांच्या अंगाजवळच असू द्या.

पेन आधी छोट्या बंद प्लास्टिक पिशवीत. ती पिशवी दुहेरी सुती कापडाच्या लांबट बटव्यात. बटवा पाण्यात भिजवून पिळायचा आणि पिशवीच्या बाहेर, सावलीच्या अंगाला टांगायचा. पाणी सुकताना आतलं थंड राहतं, आणि सांगोल्याकडच्या कोरड्या हवेत हे चांगलं साधतं. बटवा पिशवीच्या आत कोंबला तर वारा लागत नाही आणि काही उपयोग होत नाही. दर दोन-तीन तासांनी पुन्हा भिजवा.

पेनाहून महत्त्वाचं सांगते. रोज इतकं चालल्यावर साखर उतरते. निघण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि वारीतला डोस किती घ्यायचा ते लिहून आणा, स्वतःच्या अंदाजानं कमी-जास्त नको. ग्लुकोजची पुडी किंवा साखर वडिलांच्या पुढच्या खिशात हवी, हाताला लागेल अशी. घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर तीन-चार चमचे लगेच तोंडात. त्याच खिशात एक चिठ्ठी: मधुमेह आहे, अमुक औषध, घरचा नंबर. आणि अनवाणी चालू देऊ नका, नवस असला तरी. मुक्कामाला पोचल्यावर दोन्ही तळवे विजेरीच्या उजेडात कुणीतरी रोज बघावेत. मधुमेहात पाय बधिर होऊ शकतात, त्यांना स्वतःला फोड आल्याचं कदाचित कळणारही नाही.

माघी नाही, मला आषाढीला जायचं आहे, आणि तेही अंकलीहून माउलींच्या अश्वांबरोबर आळंदीला चालत. पावसात पिशवीला बाहेरून कव्हर घालू का?
— चिकोडी

बाहेरचं कव्हर वाऱ्यानं उडतं, आणि पट्ट्यांच्या शिवणीतून पाणी आत जातंच. आतून अस्तर घाला: साखरेच्या पोत्यात असते ती जाड प्लास्टिकची पिशवी, धुऊन, वाळवून, कापून घेतलेली. सामान तिच्यात, तोंडाला दोनदा पीळ आणि रबर. फोन आणि कागद त्यातही वेगळ्या पिशवीत. अंगावर प्लास्टिकची खोळ घ्या, पण ती पाठीवरच्या पिशवीसकट झाकेल इतकी लांब कापा. मुक्कामाला पोचलात की आधी पिशवी पूर्ण रिकामी करून उलटी टांगा. ओला पंचा रात्रभर आत राहिला तर सकाळी बाकीचे कपडेही कुबट निघतात.