पाऊण वाटी मटकी, आज रात्रीच

अनेक आशीर्वाद.

तुझा हिशेब वाचला. २६ दिवस बाहेरून मागवलेलं रात्रीचं जेवण, सरासरी १८० रुपये, म्हणजे महिन्याचे ४,६८० रुपये. त्याखाली तीन प्रश्न: मेस लावू, चौघांत मिळून स्वयंपाकाला बाई ठेवू, की व्हिडिओ बघून स्वतःच करत राहू? त्या तिन्ही प्रश्नांपेक्षा तू सहज लिहून गेलास ती ओळ माझ्या मनात राहिली. साडेनऊला डोंबिवलीला उतरतो, दहाला राजमा शोधतो आणि बाराला जेवतो. हे वाचून जीव तुटला आणि रागही आला. तुझा हात बिघडलेला नाही, तुझी वेळ चुकते आहे. भूक लागल्यावर स्वयंपाकाला लागलं की प्रत्येक गोष्ट अवघडच वाटणार.

स्वयंपाक आदल्या रात्री सुरू होतो. रात्री झोपण्याआधी काहीतरी भिजत घाल. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच.

तुझ्या वेळापत्रकाला मटकी जशी बसते तसं दुसरं काही बसत नाही. रात्री अकराला पाऊण वाटी मटकी निवडून, दोनतीनदा धुऊन, चौपट पाण्यात टाक. सकाळी सातला, म्हणजे आठ तासांनी, पाणी ओतून दे. न फुगलेले कडक दाणे वेचून काढ. त्यांना गणंग म्हणतात, ते कितीही शिजवले तरी दाताखाली खड्यासारखे येतात. मग मटकी चाळणीत पूर्ण निथळू दे आणि ओलसर पातळ फडक्यात सैल बांधून चाळणीतच ठेव, खाली ताटली. रात्री परत येशील तेव्हा मोड आलेले असतील. थंडीत एखादा दिवस जास्त लागतो. बुळबुळीत लागली, आंबूस वास आला, तर पाणी नीट निथळलं नव्हतं असं समज आणि टाकून दे, धुऊन वापरू नकोस. साचलेल्या ओल्या उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. म्हणून मोड कच्चे खाण्याच्याही भानगडीत पडू नकोस, शिजवूनच खा.

उसळ करताना कुकर काढू नकोस, मोडांचा लगदा होतो. दोन चमचे तेल, मोहरी पूर्ण तडतडली की हिंग, मिरची, कढीपत्ता, आणि हळद अगदी शेवटी, कारण ती जळली की सगळी उसळ कडवट होते. त्यावर चिरलेला कांदा, तो मऊ झाला की मटकी, वाटीभर गरम पाणी, झाकण, मंद आच, दहाबारा मिनिटं. दाणा बोटांनी दाबून बघ. दबला की मगच मीठ, चमचाभर गोडा मसाला, गुळाचा छोटा खडा आणि दोन आमसुलं. आमसूल आधी टाकलंस तर दाणा कडकच राहील, आंबटपणा कडधान्याला मऊ होऊ देत नाही. टोमॅटोचं आणि चिंचेचंही तेच. तुझं वरण गुठळ्यागुठळ्यांचं होतं असं लिहिलं आहेस, तू टोमॅटो डाळीबरोबरच कुकरला लावतोस ना? नंतर फोडणीत घाल.

एवढी उसळ रात्रीला पुरते आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही. गॅसवर एकूण २० मिनिटं. बाकीचं काम पाण्याने आणि फडक्याने तू झोपेत आणि लोकलमध्ये असताना केलं.

आता राजमा. भिजवायचा राहिला म्हणून तू त्यात सोडा घातलास. पुन्हा घालू नकोस. चव साबणासारखी होते आणि त्यातलं ब-१ जीवनसत्त्व नासतं. राजम्याला रात्रभर भिजणं लागतंच आणि भिजवलेलं पाणी फेकून द्यायचं असतं. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळून उकळल्यावरच जातं. नुसत्या मंद आचेवर कोमट शिजलेला राजमा पोट बिघडवतो, उलट्या होतात. कुकरच्या दाबात ही भीती राहत नाही, पण दाणा आतपर्यंत मऊ हवा. सकाळी पाणी काढून राजमा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव. मे महिन्यात तो दिवसभर तसाच पाण्यात राहिला तर रात्री फेस आलेला सापडेल.

तीन लिटरच्या कुकरमध्ये डाळ, कडधान्य पाण्यासकट अर्ध्याच्या वर कधीच नको. फेस शिट्टीच्या भोकात जाऊन ते बुजतं. अर्धा चमचा तेल घातलंस की फेस कमी येतो. शिट्टी येत नाही आणि कडेने वाफ जाते, ही तुझी तक्रार रिंगची आहे. ती कडक झाली असेल, बदलून घे, त्याला मेकॅनिक लागत नाही.

आणि सगळं व्यवस्थित करूनही दाणा शिजत नसेल तर दोन गोष्टी बघ. कडधान्य जुनं आहे का? उष्ण, दमट हवेत महिनोन्‌महिने पडलेलं कडधान्य कितीही भिजवलं तरी मऊ होत नाही. म्हणून स्वस्त पडतं म्हणून पाच किलो आणू नकोस, अर्धा किलोच आण. दुसरं, इमारतीला बोअरचं पाणी येतं का? जड पाण्यात डाळ शिजत नाही, भिजवायला आणि शिजवायला प्यायचं पाणी घे.

तूरडाळीचा हिशेब तुझ्याच पद्धतीने मांडते. एका माणसाला दोन्ही वेळांना मिळून अर्धी वाटी डाळ, साधारण ६० ग्रॅम. किलोचा भाव दीडशे धरला तरी ९ रुपये. तिला रात्रभर नको, अर्धा तास पुरतो. घरात शिरल्यावर चपला काढायच्या, डाळ भिजत घालायची, मग आंघोळ. हा क्रम उलटा झाला की अर्धा तास वाया.

आपल्या भाषेत कणीकही भिजवतात. वाटीभर कणकेला अर्धी वाटीपेक्षा थोडं जास्त पाणी, लागेल तसं. चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, आणि झाकून २० मिनिटं. तू मळल्या मळल्या लाटायला घेतोस, म्हणून पोळी आक्रसते आणि वातड होते. दोष लाटण्याचा नाही. साबुदाणा मात्र पाण्यात बुडवायचा नाही. धुऊन, पाणी दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने ठेवून रात्रभर झाकायचा, नाहीतर खिचडीचा गोळा.

भात एका वेळेपुरताच कर. उरला तर तासाभरात फ्रिजमध्ये. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जंतू वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. सकाळी फोडणीचा भात करायचा असेल तर उरलेला भात रात्रीच आत गेलेला हवा. म्हणजे पुन्हा तेच, आदली रात्र.

ज्या दिवशी काहीच भिजलं नसेल त्या दिवशी पिठलं. अर्धी वाटी बेसन दीड वाटी गार पाण्यात आधी कालवून घे, गुठळी राहत नाही. मग कांदा-मिरचीच्या फोडणीत ओत, सतत ढवळ, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ. पिठलं आठवड्यात एकदा ठीक. तीनदा झालं तर तू माझं ऐकत नाहीस हे मला कळेल.

तू म्हणशील, मावशीला एकच गोष्ट येते. हो, मी हट्टाने एकच सांगते आहे. मी स्वतः हे फार उशिरा शिकले आणि मधल्या वर्षांत घरच्यांना दमलेल्या हातचं, चिडून केलेलं जेवण मिळालं. ते मला अजून लागतं. म्हणून तुला गोड बोलून सोडणार नाही. मेस लावायची तर लाव, बाई ठेवायची तर ठेव, पण तिलाही विचारून बघ, ‘ताई, उद्यासाठी काय भिजवून ठेवू?’ ती खूश होईल, कारण तिच्याकडे तुमच्या घरात तासभरच असतो.

चौघे राहता, तर एकाने रात्री भिजवावं, सकाळी सर्वांत उशिरा निघणाऱ्याने निथळावं. शेगडीशेजारच्या भिंतीवर फक्त उद्या काय भिजवायचं ते लिही. मटकी, राजमा, चवळी, हिरवे मूग, छोले. भाजी त्या-त्या दिवशी स्टेशनबाहेर मिळेल ती.

हे पत्र तू रात्रीच वाचशील. वाचून झाल्यावर आधी उठ, पाऊण वाटी मटकी मोज, धू, पाण्यात टाक, मग मला उत्तर लिही. परवा फोन करेन तेव्हा गणंग किती निघाले ते विचारणार आहे.

तुझी मावशी