वनस्पतीचा अर्क अल्सरपासून वाचवतो का हे उंदरांवर बघायचंय, इथेनॉलचं (म्हणजे अल्कोहोल पाजून अल्सर घडवायचं) एकच मॉडेल पुरेल का?

नाही पुरणार. एम.फार्मला मी नेमकं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उपाशी उंदराला इथेनॉल पाजलं की तासाभरात जठर उघडून बघा, आतल्या अस्तरावर लांबच लांब लालभडक पट्टे उठलेले दिसतात, पण हे ॲसिडमुळे झालेलं नसतं, अल्कोहोल म्यूकसचा थर आणि बारीक रक्तवाहिन्या थेट खराब करतो. म्हणजे पट्टे कमी झाले तर अर्क अस्तर सांभाळतो एवढंच कळलं, ॲसिड कमी करतो का ते नाही. त्यासाठी पायलोरस लायगेशन करा, जठराचं खालचं तोंड बांधायचं आणि काही तासांनी साठलेला रस काढून पीएच, ॲसिडिटी मोजायची, पद्धत १९४५ ची आहे पण आजही चालते. पेनकिलरमुळे होणारा अल्सर बघायचा तर इंडोमेथासिन हे पेनकिलर द्या, त्याने प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे जठराचं अस्तर सांभाळणारं शरीरातलं रसायन, घटतं.

आता एक गोष्ट जी फार जणांच्या लक्षातच येत नाही. जठराला थोडंसं झोंबणारं काहीही आधी दिलं, अगदी पातळ केलेलं इथेनॉलसुद्धा, तरी प्रोस्टाग्लँडिन वाढून नंतरच्या कडक इथेनॉलपासून बचाव होतो! त्यामुळे अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर त्यातलं अल्कोहोल पूर्ण उडवा, आणि ज्यात अर्क मिसळणार तेच नुसतं कंट्रोल ग्रुपला द्या, नाहीतर रिझल्ट छान येईल पण तो वनस्पतीचा आहे की झोंबण्याचा हे कधीच कळणार नाही.

उपाशी ठेवताना पिंजऱ्याला खाली जाळी हवीच, नाहीतर ते स्वतःच्या लेंड्या खातात आणि जठर रिकामं राहत नाही. माझ्या पहिल्या बॅचला जाळी नव्हती, जठरं भरलेली निघाली आणि ते सगळे प्राणी वाया गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. स्कोअरिंग, म्हणजे जखमा मोजून गुण देणं, कुठला ग्रुप कुठला हे माहीत नसलेल्या माणसाकडून करून घ्या, लाल ठिपका मोजायचा की सोडायचा यात मन आपल्या अर्काकडे झुकतंच.

आणि थीसिसमध्ये "अल्सर बरा करतो" असं लिहू नका. तुम्ही अर्क जखमेच्या आधी देताय, म्हणजे बचाव तपासताय, भरून येणं बघायचं तर ॲसिटिक ॲसिडने अल्सर करून मग बरेच दिवस औषध द्यावं लागतं. शिवाय माणसांत बऱ्याच अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असतो, तो यातल्या एकाही मॉडेलमध्ये नाही.