'आहे'च्या पोटातला 'मला'

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "उताऱ्यातली वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ वाक्यं ओळखायची असतात तेव्हा 'सुंदर', 'वाईट' असले शब्द चटकन सापडतात. पण उंच, कठीण, गोंगाट, कबुली हे शब्द कुठल्या रांगेत बसवायचे? शब्दाच्या अर्थातच मत मिसळलेलं असेल तर ते कळावं कसं? आणि 'विषयनिष्ठ' म्हणजे या दोहोंपैकी नेमकं कोणतं?"

वस्तुनिष्ठ म्हणजे खरं, ही समजूत आधी बाजूला ठेवू या. 'चंद्र पृथ्वीपासून एक लाख किलोमीटरवर आहे' हे वाक्य साफ चुकीचं आहे. सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर आहे. तरीही वाक्य वस्तुनिष्ठच, कारण ते चूक असल्याचं मोजून दाखवता येतं. 'चंद्र आज फार देखणा दिसतोय' हे मात्र मोजून खरंही ठरत नाही आणि खोटंही. दोघांचं जुंपलं तर वाद कशाने मिटेल, हे विचारायचं. मोजपट्टीने, घड्याळाने, कागदपत्राने मिटत असेल तर विधान वस्तुनिष्ठ; कशानेच मिटत नसेल तर व्यक्तिनिष्ठ.

उतारा वाचताना मात्र दर वाक्याला मोजपट्टी काढत बसता येत नाही. तिथे मराठीचं व्याकरण आपल्या मदतीला येतं, आणि मला या भाषेची ही गोष्ट फार आवडते. ज्याला अनुभव येतो त्याला मराठी बहुतेक वेळा चतुर्थी विभक्तीत ठेवते. मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला राग येतो, मला आठवतं, मला पटतं. आता एखादं 'आहे'चं वाक्य घ्या आणि त्यात 'मला' घालून बघा. 'पाणी थंड आहे' याचं 'पाणी मला थंड लागतं' होतं. 'गणित कठीण आहे' याचं 'गणित मला कठीण जातं'. 'तो विश्वासू आहे' याचं 'तो मला विश्वासू वाटतो'. 'सदरा मोठा आहे' याचं 'सदरा मला मोठा होतो'. क्रियापद दर वेळी बदललं, लागतं, जातं, वाटतं, होतं. पण 'मला' अगदी सहज आत येऊन बसला. आता 'या पाण्याचं तापमान १८ अंश सेल्सिअस आहे' यात तो घालून बघा. 'पाणी मला १८ अंश लागतं' असं कुणीही बोलत नाही. म्हणजे आधीच्या वाक्यांत 'मला' पहिल्यापासून होता, 'आहे'ने तो पोटात घेतला होता. 'गणित मला कठीण जातं' म्हणणारा स्वतःबद्दल सांगतो. 'गणित कठीण आहे' म्हणणारा तीच गोष्ट गणिताच्या माथी मारतो.

थंड-गरमची गंमत इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात लिहून ठेवली आहे, आणि ती कुणालाही करून बघता येते. एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घालायचे. एका हाताला तेच पाणी गार लागतं, दुसऱ्याला ऊन. तापमापकाचा आकडा एकच. एका माणसाच्या दोन हातांचं जिथे एकमत होत नाही, तिथे 'पाणी थंड आहे' या वाक्यात कुणाचा तरी हात बुडालेला असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

ही कसोटी दोन ठिकाणी जपून वापरावी लागते. 'मला वाटतं, आज मंगळवार आहे' यातही 'मला' आहे, पण ते मत नव्हे. तिथे 'वाटतं' म्हणजे 'खात्री नाही', आणि दिनदर्शिका काढली की विषय संपला. 'वाटणे' हे क्रियापद शंकेचंही काम करतं आणि रुचीचंही. दोन्ही एकाच पोत्यात भरू नयेत. दुसरी जागा सदऱ्याची, म्हणून तर तो मुद्दाम आणला. 'सदरा मला मोठा होतो' यात 'मला' आहे, पण छाती मोजली आणि सदरा मोजला की कुणालाही तो निर्णय देता येतो. इथला 'मला' तुलनेपुरता आहे.

हाच धागा धरून 'उंच'कडे येऊ. १८० सेंटीमीटरचा माणूस उंच का? बास्केटबॉलच्या संघात तो बुटका ठरेल. मोठा, लांब, जड, जुना, लवकर, उशिरा हे सगळे शब्द अशी एक न बोललेली तुलना घेऊन येतात. अशा शब्दाला 'पेक्षा' जोडून बघा. 'हा त्याच्यापेक्षा उंच आहे' म्हटलं की दोघांना पाठीला पाठ लावून उभं केलं, वाद मिटला. 'हा त्याच्यापेक्षा देखणा आहे' म्हटलं तर वाद जिथल्या तिथे. म्हणून 'उंच' हा नुसता वापरला तर सैल असतो आणि तुलना उघड केली की वस्तुनिष्ठ होतो; 'देखणा'ला कितीही तुलना जोडा, तो व्यक्तिनिष्ठच राहतो. 'कठीण' या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे. परीक्षेतला एखादा प्रश्न शंभरातल्या दहाच जणांना सुटला, तर 'कठीण' म्हणायला निदान एक आधार मिळतो.

विशेषणांवर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून ती लवकर पकडली जातात. नामांकडे कुणी बघत नाही. 'तण' हा शब्द घ्या. गवत, वेल, झुडूप ही वनस्पतींची वर्णनं झाली. तण म्हणजे नको असलेली वनस्पती. नको कुणाला? ज्याने पेरलं त्याला. तीच वनस्पती दुसऱ्या कुणाला औषधासाठी हवी असेल तर त्याच्या लेखी ती तण नव्हे. 'कचरा' याच जातीचा. विचारलेला 'गोंगाट'ही तसाच: आवाज डेसिबलमध्ये मोजता येतो, गोंगाट मोजता येत नाही, कारण नकोसेपणा त्याच्या अर्थातच आहे. 'आवाज ८५ डेसिबल होता' हे मापन आणि 'गोंगाट चालला होता' ही तक्रार. शब्दाच्या अर्थात मत मिसळलंय का, हे बघायचं असेल तर त्याची व्याख्या करून बघा. व्याख्येत 'नको असलेला', 'प्रमाणाबाहेर', 'विनाकारण', 'डोळ्यांना सुखावणारा' असं काही आलं, की लगेच विचारायचं: नको कुणाला, प्रमाण कुणाचं, डोळे कुणाचे? त्रिकोणाच्या व्याख्येत असा कुणी माणूस सापडणार नाही.

क्रियापदं याहून वस्ताद, विशेषतः सांगण्या-बोलण्याची. माणूस काहीतरी म्हणाला, एवढीच घटना असते. लिहिणारा मात्र सांगितलं, दावा केला, मान्य केलं, कबुली दिली, बढाई मारली, खुलासा केला यांतून एक निवडतो. 'दावा केला' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात शंका पेरली. 'कबुली दिली' म्हटलं की मुळात गुन्हा होता हे गृहीत धरलं, आणि ते सिद्ध करायची जबाबदारीही टळली. 'दार उघडं आहे हे त्याच्या लक्षात आलं' असं लिहिणारा दार खरोखर उघडं होतं याची स्वतः हमी देतो. 'दार उघडं आहे असं त्याला वाटलं' मध्ये ती हमी नाही. 'त्याला माहीत आहे' आणि 'त्याचा समज आहे' यांतही हेच अंतर. वरवर दोन्ही वाक्यं त्याच्याबद्दल. मत मात्र लिहिणाऱ्याचं.

एक छोटा उतारा जवळून बघू. नमुन्यासाठी मीच लिहिला आहे: 'तब्बल दोन महिन्यांच्या दिरंगाईनंतर समितीने अखेर अहवाल सादर केला. जेमतेम बारा पानांच्या या अहवालात समितीने चक्क आपली चूक कबूल केली आहे.' सुंदर नाही, वाईट नाही, संतापजनक नाही. ठळक विशेषण म्हणावं असं एकही नाही. तरी वाचून होईपर्यंत समितीबद्दल आपलं मत बनलेलं असतं. आता तपासता येईल तेवढंच ठेवू: 'समितीने दोन महिन्यांनी अहवाल सादर केला. अहवाल बारा पानांचा आहे. आपली चूक झाली, असं समितीने त्यात म्हटलं आहे.' गळलं काय? 'तब्बल' गेलं, ते दोन महिने फार झाले असं म्हणत होतं. 'जेमतेम' गेलं, बारा पानं फार थोडी असं म्हणत होतं. 'दिरंगाई' गेली, जी म्हणजे वेळ अधिक दोष. 'अखेर' गेलं, त्याबरोबर ताटकळत बसलेली माणसंही गेली. 'चक्क' गेलं, आणि समितीकडून ही अपेक्षाच नव्हती हा टोमणाही गेला. 'कबूल'च्या जागी 'म्हटलं आहे' आलं. 'चूक' उरली आहे, पण ती आता समितीच्या तोंडी आहे. लिहिणाऱ्याने ती स्वतःकडे घेतलेली नाही.

तब्बल आणि जेमतेम ही जोडी मुद्दाम मनात ठेवा. 'सभेला तब्बल चाळीस माणसं आली' आणि 'सभेला जेमतेम चाळीस माणसं आली'. आकडा तोच, मोजणी दोन्हीकडे बरोबर, आणि सभा एकीकडे गाजलेली, दुसरीकडे पडलेली. फक्त, केवळ, अवघे, निदान, उगाच, म्हणे आणि शेवटाला चिकटणारे 'च' आणि 'ही' हे सगळे असेच. ते वस्तूबद्दल काही सांगत नाहीत, बोलणारा कुठे उभा आहे ते सांगतात. क्रमही तेच करतो: 'हुशार पण आळशी' आणि 'आळशी पण हुशार' यांत शब्द तेच तीन, पण पहिल्याला काम मिळणार नाही आणि दुसऱ्याला मिळेल.

कधी कधी असा एकही शब्द नसतो आणि तरी वाक्य बोचतं. 'आज तो वेळेवर आला.' घड्याळाने तपासून घ्या, अक्षर न् अक्षर खरं. पण हे सांगावंसं वाटलं यातच रोजचा उशीर आला. आपल्याकडच्या काव्यशास्त्राने याला व्यंजना असं नाव देऊन हजार वर्षांपूर्वीच त्याचा कीस काढला आहे. अकराव्या शतकातल्या काव्यशास्त्रकार मम्मटाचं उदाहरण आहे, 'सूर्य मावळला'. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, सगळ्यांना एकच. पण ऐकणारा कोण त्यानुसार 'काम थांबवा', 'गुरं आत घ्या', 'निघायची वेळ झाली' असे वेगवेगळे अर्थ निघतात. म्हणून एकटं वाक्य समोर ठेवून 'वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ' विचारणं मला अपुरं वाटतं. कुणी, कुणाला, कधी सांगितलं हे हाती असल्याशिवाय अशा वाक्याचा निकाल लागत नाही.

शब्दांतलं मत कायमचंही नसतं. 'साहस' आज कौतुकाचा शब्द आहे. स्मृतिग्रंथांत तो बळजबरीच्या गुन्ह्यांचं नाव होता. 'पाखंड'चं उलट झालं. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान राखा असं तो सांगतो. पुढे त्याच शब्दाला ढोंगाचा वास लागला. अशोक स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवून घ्यायचा, आणि नंतरच्या संस्कृत व्याकरण परंपरेत 'देवानांप्रिय' म्हणजे मूर्ख असा अर्थ नोंदला गेला. त्यामुळे जुना मजकूर वाचताना आजच्या कानाने मत शोधू नये. शब्दकोशांत 'निंदार्थी' किंवा 'लाक्षणिक' अशी खूण दिलेली दिसली तर ती अर्थाइतक्याच लक्षपूर्वक वाचावी. काटकसरी, चिक्कू आणि कवडीचुंबक हे तिघे खर्च सारखाच करत असतील. फरक त्यांच्याकडे बघणाऱ्यात आहे.

आणि मराठीत एक जागा अशी आहे जिथे निखळ वस्तुनिष्ठ राहताच येत नाही. तिसऱ्या माणसाबद्दल लिहायचं तर 'तो म्हणाला' की 'ते म्हणाले' हे ठरवावंच लागतं. आदर दाखवा किंवा दाखवू नका. मधली वाट व्याकरणाने ठेवलेली नाही. निदान एका मजकुरात सारख्या योग्यतेच्या सगळ्यांसाठी एकच वचन वापरावं, एकवचन किंवा आदरार्थी अनेकवचन. एकाच परिच्छेदात 'न्यूटन म्हणतो' आणि 'रामन म्हणतात' असं आलं, की भौतिकशास्त्र बाजूला राहतं आणि लिहिणाऱ्याची आपुलकी तेवढी दिसते.

राहता राहिला 'विषयनिष्ठ'. हा शब्द कुणी एका अर्थाने वापरतं, कुणी नेमका उलट, आणि दोघांनाही कारण आहे. संस्कृत तत्त्वज्ञानात 'विषय' म्हणजे जे जाणलं जातं ते, आणि 'विषयी' म्हणजे जाणणारा. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवातच या जोडीने होते. त्या हिशेबाने विषयनिष्ठ म्हणजे वस्तुनिष्ठ. पण शाळेतल्या 'विषया'वरून आणि इंग्रजी 'सब्जेक्ट'-'सब्जेक्टिव्ह'वरून येणाऱ्याला तो व्यक्तिनिष्ठ वाटतो. युरोपातही हा घोळ झालेला आहे: फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त 'ऑब्जेक्टिव्ह' म्हणतो तेव्हा त्याला मनात कल्पनेच्या रूपाने असलेलं असं म्हणायचं असतं, आजच्या अर्थाच्या जवळजवळ विरुद्ध. म्हणून मी 'विषयनिष्ठ' वापरत नाही. वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ ही जोडी कुणालाही उलटी वाचता येत नाही. 'आत्मनिष्ठ' हा शब्द मात्र कवितेबद्दल बोलताना जरूर वापरावा. तिथे 'मला' लपलेला नसतो, तो उघडपणे बोलत असतो.