ट्रॅक सोडून सायकली रस्त्यावर का?

प्रश्न : मी रोज कात्रजहून स्वारगेटला कारने जातो. सातारा रस्त्याला सायकल ट्रॅक असूनही सायकलवाले गाड्यांमध्येच चालवतात. हॉर्न दिला तरी बाजूला होत नाहीत, सिग्नल तोडतात, राँग साइडने येतात. नियम फक्त आम्हालाच का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सिग्नलची तुमची तक्रार रास्त आहे. लाल दिवा सायकललाही लाल असतो. मी वीस वर्षं सायकलने नोकरीला गेले, आता कारही चालवते, आणि समोरून उलटी येणारी सायकल दिसली की पोटात गोळा येतो. गाडी ताशी 40 आणि सायकल 15 धरा. दोघं एकाच दिशेला असतील तर वेगातला फरक 25, समोरासमोर आले तर तोच 55.

ट्रॅक मात्र एकदा खाली उतरून बघा. गेल्या रविवारी मी तिथूनच सायकल काढली. शंभर पावलांत दुचाक्यांची रांग, पुढे उखडलेल्या फरश्या, आणि दर दुकानाच्या तोंडाशी उतार नि चढ. चार वेळा पाय टेकले, शेवटी मीही रस्त्यावर आले. मोटार वाहनाला ट्रॅकवर बंदी आहे, तरी गर्दीत तिथून निघणाऱ्या बाइक तुम्हीही पाहत असाल.

सायकलवाला कडेपासून दीड-दोन हात आत चालवतो तो तुम्हाला अडवायला नव्हे. कडेला वाळू असते, गटाराची खोल गेलेली झाकणं असतात, ती चुकवायला जागा लागते. अगदी पाठीशी हॉर्न वाजला की माणूस दचकतो आणि हँडल हलतं. थोडं मागे राहा, उजवीकडे जागा मिळाली की निदान एक मीटर सोडून पुढे जा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. 1994 साली लक्ष्मी रस्त्यावर उभ्या असलेल्या एका गाडीचं दार धाडकन उघडलं. माझी डावी मूठ दाराच्या कडेवर आपटली आणि मी उजवीकडे, भर रस्त्यात पडले. मागच्या पीएमटी बसच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून वाचले. मनगट पावसाळ्यात अजून दुखतं. तेव्हा गाडीतून उतरताना दार डाव्या हाताने उघडत जा. हात आडवा न्यावा लागतो, त्याबरोबर खांदा वळतो आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. डाव्या बाजूला बसणाऱ्यांनी उजवा हात वापरायचा. घरातल्या मुलांनाही आजच दाखवा.